जामिनावरची गिरणी

आमच्या बोरढोकची पिठाची गिरणी सदतीस वर्षं जामिनावर होती. या काळात तिच्याविरुद्ध एकही नवी तक्रार आली नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

तिच्यावर तीन खुनांचा आरोप होता. त्यातला दुसरा खून माझा. पहिला असता तर मला आवडलं असतं, पण गावात पहिला मान सरपंचांचा. टीव्हीवाल्यांनी तो मोडायचा नाही, असं बैठकीत ठरलं होतं. त्यामुळे आधी सरपंच आनंदराव, मग शाळेचा मुख्याध्यापक म्हणून मी, म्हणजे शेंडगे गुरुजी, आणि तिसरे सोसायटीचे चेअरमन, असा क्रम लागला. तिघेही अजून खुटखुटीत आहोत.

झालं असं, की सत्याऐंशी सालच्या मे महिन्यात टीव्हीसाठी एक चित्रपट करायला नऊ माणसं आमच्या गावात आली. त्याचं नाव होतं ‘लाल पीठ’. एक आत्मा पिठाच्या गिरणीत शिरतो आणि गिरणी माणसं मारत सुटते, अशी गोष्ट. दिग्दर्शक कर्णिक हाडाचा कलावंत, पण खिशात दमडी नाही. मुक्काम माझ्या शाळेत, जेवण घरटी पाळीनं, आणि कॅमेरा पुढे-मागे सरकवायला बैलगाडी. वजनात खोट झाल्यामुळे आत्मा गिरणीत शिरतो, असं त्यांनी मूळ लिहिलं होतं. गिरणीचे मालक मारुतराव खैरमोडे त्यावर अडून बसले. “आमच्या गिरणीत वजनात खोट न्हाई. दुसरं कारण घ्या,” म्हणाले. दुसरं कारण सुचेना, म्हणून आत्मा विनाकारण शिरला.

माझा खून दुपारी झाला. माझं उपरणं पट्ट्यात अडकतं आणि गिरणी मला ओढून घेते, असा प्रसंग होता. मी तीनदा ओरडलो. कर्णिक म्हणाले, दोनदा पुरे. मग गिरणीतून लाल पीठ पडलं. ते गेरू कालवलेलं ज्वारीचं पीठ होतं आणि गेरू आमच्या शाळेचाच होता.

चित्रपट दिवाळीआधी एका शनिवारी संध्याकाळी लागणार होता. गावात टीव्ही एकच, ग्रामपंचायतीचा. तो ओट्यावर मांडला. पुढे बायका, मागे पुरुष. लाइट जाऊ नये म्हणून वायरमन रंगनाथ गुरव याला मुद्दाम समोरच्या डीपीपाशी उभं केलं होतं. रंगनाथ चोवीस वर्षांचा, बाहेरगावचा, पण आईला घेऊन आमच्यातच राहायचा. त्याचाही चित्रपटात भाग होता, अगदी शेवटी. तो प्रसंग घेताना कर्णिकांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं होतं. शेवट गावाला कळता कामा नये, म्हणाले. गावानं ते ऐकलं, आणि याचं मला आजही नवल वाटतं.

टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, त्यामुळे लाल पीठ नाचणीचं दिसलं. तरीही सरपंच मेले तेव्हा बायका ओरडल्या. माझा खून झाला तेव्हा आमची वत्सला पुढच्या रांगांतून वळली आणि मला शोधू लागली. मी हात वर केला. मग ती पुन्हा टीव्हीकडे तोंड करून बसली. पुढे बत्तीस वर्षं आमचा संसार झाला, ती जाऊनही आता सहा वर्षं झाली, पण तिचं ते वळून बघणं आठवलं की मला अजून भरून येतं.

चेअरमन मेले आणि लाइट गेली.

लोक ओरडले, रंगनाथला हाका मारल्या. तेवढ्यात अंधारात गिरणीचा आवाज सुरू झाला. पुक्, पुक्, पुक्. आमची गिरणी इंजिनावर चालायची, तिला लाइट लागत नव्हती; पण तिला चालू करणारं कोणी लागायचं, आणि मारुतराव तर माझ्या शेजारी बसले होते. किल्ली त्यांच्या कनवटीला होती. गिरणी बावीस मिनिटं चालली आणि आपोआप थांबली. मग लाइट आली. टीव्हीवर सोयाबीनवरच्या किडीची माहिती चालू होती.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीतून फौजदार आले. एवढ्या साक्षीदारांसमोर तीन खून झाल्यावर त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. आम्ही तिघांनी जबाब दिले. “आपल्याला मारलं कुणी?” “गिरणीनं.” “ओळखाल?” “रोज दळण टाकतो साहेब.” गिरणी जागच्या जागी अटक झाली. पण पुढे खटला अडला. फौजदार जाणते होते. म्हणाले, “शेवटची बावीस मिनिटं कुणी बघितलेली नाहीत. अशा गोष्टीत शेवटी काहीही होतं. एखादा माणूस झोपेतून दचकून उठला, तर आधीचे सगळे खून रद्द धरावे लागतात. शेवट कळल्याशिवाय मला दोषारोप ठेवता येणार नाही.”

तेव्हा गिरणीला जामीन मिळाला. मालकाला स्वतःच्या गिरणीचा जामीन राहता येत नाही, म्हणून मारुतरावांची बायको अंजिराबाई जामीन राहिल्या. त्या तेव्हा पस्तिशीच्या होत्या. त्यांनी अंगठा उठवला आणि अटी ऐकून घेतल्या. गिरणीनं तालुक्याची हद्द सोडायची नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजेरी द्यायची. तिला जाता येत नसल्यानं हवालदारांनी रजिस्टर घेऊन यायचं आणि वंगणाचा ठसा घ्यायचा. आणि साक्षीदारांना धमकवायचं नाही.

ही तिसरी अट गिरणीनं फार मनावर घेतली. आम्हा तिघांपैकी कोणी त्या रस्त्याला वळलं, की ती थांबायची. आम्ही पुढच्या वळणाला गेलो की पुन्हा सुरू. लोकांचं दळण खोळंबायचं, म्हणून मी हळूहळू त्या रस्त्यानं जाणंच सोडलं. दळण आम्ही शेजारच्या गावाला न्यायचो, पाच किलोमीटर. ज्यानं आपला खून केला त्याच्याकडेच दळायला जाणं शोभत नाही. वत्सला मात्र शेजारणीच्या डब्यातून गुपचूप इथूनच दळून आणायची. भाकरीचा पहिला तुकडा मोडला की मला कळायचं. मी कधी बोललो नाही आणि तिनेही कधी विषय काढला नाही.

अशी वर्षं गेली. कर्णिक वारले. चित्रपट पुन्हा कधी लागला नाही आणि कोणी तो टेपवर घेतलाही नव्हता. रंगनाथची बदली झाली. मारुतराव गेले. गिरणी अंजिराबाईच, म्हणजे आता सगळ्या गावाच्या अंजिराकाकू, चालवत राहिल्या.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा संपत पुण्याहून आला, तो भंगारवाल्याला घेऊनच. आईचं वय झालं, आता तिला पुण्याला नेतो आणि जागा मोकळी करतो, असं त्याचं म्हणणं. पण जामिनावरची गिरणी हलवता येत नाही, म्हणून त्यानं तिला निर्दोष सोडावं असा अर्ज केला. शेवटाचा साक्षीदार म्हणून रंगनाथचं नाव दिलं. सध्याचे हवालदार शिकलगार फार कामसू. त्यांनी रंगनाथला हुडकून समन्स बजावलं.

अंजिराकाकूंनी मला निरोप धाडला. मी घराच्या मागच्या अंगानं गेलो, म्हणजे गिरणी थांबायला नको.

“गुरुजी, मला न्हाई जायचं,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या मजल्यावर करू काय मी? हितं तिचा आवाज आला की माझा दिवस उजाडतो. ती सुटली की गेली भंगारात, आन् तिच्या मागनं मी.”

मलाही वाईट वाटत होतं. गिरणी गेली तर आमचा खून झाला होता याला गावात पुरावा काय उरणार? नवी पोरं आत्ताच विश्वास ठेवत नाहीत.

सुनावणीच्या सकाळी रंगनाथ पहिल्या एसटीनं आला. डोक्यावर टक्कल, कानात यंत्र, खांद्याला पिशवी. अंजिराकाकूंनी त्याला चुलीपुढे बसवून भाकरी वाढली. तो दोन घास खाऊन थांबला.

“काकू, त्या दिवशी लाइट गेली न्हवती,” तो म्हणाला. “म्यां फ्यूज काढला.”

काकूंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“चेअरमननंतर माझा नंबर हुता. आई पहिल्या रांगंत बसलेली. माझा थोरला भाऊ खांबावर तारंला चिकटून गेला, तवा आईनं खाली उभं राहून बघितलं हुतं. त्याच्याच जागी मला नोकरी. आता माझं मरण तिनं बघायचं?” तो माझ्याकडे वळला. “गुरुजी, तुमच्या वेळंला वहिनींनी वळून बघितलं, तुम्ही हात वर केला. म्यां समोर डीपीपाशी, अंधारात. आईनं वळून कुणाकडं बघायचं हुतं?”

अंजिराकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. मीही चष्मा काढून पुसला.

“माझं मरण तेवढं जाऊ द्यायचं आन् फ्यूज लावायचा, असं ठरवलं हुतं. पण गिरणी सुरू झाली आन् माझं हातच चालंनात. खरं तर त्याच्या म्होरं पिक्चरमदी मी झोपेतनं उठतो, गुरुजी. सगळं सपान असतं. त्ये आईला दावायचं ऱ्हाऊन गेलं.”

“म्हणजे माझा खून झालाच नाही?” मी विचारलं.

“न्हाई.”

मला हे फार लागलं. सदतीस वर्षं पाच किलोमीटरवरनं दळण आणलं होतं मी.

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. “मग खरं सांग बाबा कोर्टात,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी खोटं बोलू नगंस.” आणि त्यांनी त्याला दुसरी भाकरी वाढली.

आरोपीला हलवता येत नसल्यानं न्यायाधीश मॅडमच अकरा वाजता गिरणीत आल्या. त्यांना खुर्ची दिली, समोर वजनकाटा ठेवून त्यावर कागद मांडले. एका बाजूला संपत आणि भंगारवाला, दुसऱ्या बाजूला काकू. आम्ही तिघे मयत, म्हणजे सरपंच, मी आणि चेअरमन, अशा क्रमानं बाकावर बसलो. आमच्यामुळे गिरणी अर्थातच बंद होती.

“साक्षीदार, शेवटी काय झालं?” मॅडमनी विचारलं.

रंगनाथनं गिरणीकडे बघितलं. मग काकूंकडे.

“मला मारलं,” तो म्हणाला.

“कशाने?”

“पट्ट्यानं. मफलर अडकला हुता माझा.”

“त्यानंतर तुम्ही उठलात का? नीट आठवून सांगा. तुम्ही उठला असाल तर सगळं प्रकरण निकाली निघतं.”

संपत पुढे सरकून ऐकू लागला.

“न्हाई बाई,” तो म्हणाला. “मी उठलो न्हाई.”

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग आरोपीकडे वळून विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

इंजिनाला कोणी हात लावला नव्हता. आम्ही तिघे साक्षीदार समोर असतानाही गिरणीनं एकदाच आवाज दिला. पुक्. शिकलगारांनी तो नोंदवून घेतला आणि तिचा ठसा घेतला.

चार खुनांबद्दल गिरणीला जन्मठेप झाली, सक्तमजुरीची. शिक्षा आहे त्याच जागी भोगायची, रोज सकाळी आठ ते बारा दळण दळायचं. देखरेखीला अंजिराबाई मारुती खैरमोडे, शिक्षा संपेपर्यंत. संपतनं विचारलं, शिक्षा कधी संपेल? मॅडम म्हणाल्या, जन्मठेप आहे. भंगारवाला चहा पिऊन गेला. संपतही दुपारच्या गाडीनं गेला. जाताना आईच्या पाया पडला आणि तिच्यासाठी आणलेलं स्वेटर ठेवून गेला.

निकाल लागल्यावर साक्षीदारांची अट राहिली नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता आम्ही डबे घेऊन गिरणीत गेलो. लोकांनी आम्हाला रांगेत पुढे जागा करून दिली. पहिला डबा सरपंचांचा. दुसरा माझा, झाकणावर वत्सलाचं नाव कोरलेला. तिसरा चेअरमनचा. चौथ्या जागी रंगनाथनं ज्वारीची पिशवी ठेवली. तो रात्री मुक्कामाला राहिला होता.

“एकट्या माणसाला एवढं दळण?” मी विचारलं.

“आईला गरम पीठ लई आवडायचं,” तो म्हणाला. “हितनं गेल्यावर तसं कुठं मिळालं न्हाई तिला.”

काकूंनी इंजिन फिरवलं. मी तिथंच उभा होतो, पट्ट्यापासून हातभर अंतरावर, आणि गिरणी चालू राहिली. इतक्या जवळून तो आवाज मी सदतीस वर्षांनी ऐकत होतो. पीठ पडायला लागलं, तसा गरम वास नाकातोंडात भरला. चौघांचं दळण व्हायला बावीस मिनिटं लागली. आपली पिशवी दळून होईपर्यंत रंगनाथ दाराकडे तोंड करून उभा होता. बाहेर बायकांची रांग होती. ती पुढे सरकत असताना त्यानं एकदा हात वर केला.