शिवकांतअप्पांचा मथळा

वेबसाईटला मथळा लिहिणं म्हणजे काय मोठं काम, असं शिवकांतअप्पांना वाटलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

पालमच्या बसस्टँडसमोर अप्पांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत घर. बायको, चन्नबसम्मा, गेल्यापासून घरात आवाज करणारा एक कुकर तेवढा उरला होता, आणि तोही तीन शिट्ट्यांवर गप्प व्हायचा. अप्पांना फार एकटं वाटायचं. चार माणसं फोन तरी करतील म्हणून पुण्याच्या लेकीनं, ईश्वरीनं, दुकानाची वेबसाईट काढून दिली. मथळा तेवढा अप्पांनी लिहायचा होता.

"अप्पा, लोक दुकानात येऊन पहिलं जे विचारतात ना, तेच वर मोठ्या अक्षरात लिहा. मोबाईलवरबी लोक तेच शोधतात. मग आपलं पान सगळ्यांच्या वर येतं."

अप्पा सरळ माणूस. दोन दिवस दाराशी कान देऊन बसले. पंपाचं पहिलं कुणी विचारतच नव्हतं. जो येई तो आधी एकच विचारी. अप्पांनी तेच लिहिलं, 'परभणीची गाडी गेली का?' आणि खाली आपला नंबर.

पान आलं की वर! असला मथळा दुसऱ्या कुणाला सुचलाच नव्हता. सकाळी सहापासून फोन सुरू. अप्पा दारात जायचे, मान लांब करून स्टँड बघायचे आणि खरं तेच सांगायचे. खेड्यावरच्या मालनबाई तर गाडीचं विचारून झालं की गुडघ्याचं सांगायच्या. पंपाचं गिऱ्हाईक एकही वाढलं नाही, पण वर्षभरात बोलले नव्हते तेवढं अप्पा चार दिवसांत बोलले. सुखात होते बिचारे.

पाचव्या दिवशी ईश्वरी धापा टाकत दुकानात शिरली. "अप्पा, रविवारपासून फोन लावायलेय, लागंनाच. मला वाटलं..."

फोन कानाला धरूनच अप्पांनी तिला हातानं थांबवलं. "हां बन्सीधरराव, गाडी उभीच हाय. ड्रायव्हर चहा प्यायलाय. या निवांत."

ईश्वरीनं वेबसाईट उघडली, आधी हसली, मग मथळा खोडून 'फवारणी पंप दुरुस्ती, पालम' असं लिहिलं. "आता कामाचेच फोन येतील बघा."

ती दोन दिवस राहिली. दोन दिवसांत एकच फोन आला, मोबाईल कंपनीच्या रेकॉर्ड केलेल्या बाईचा. अप्पांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

तिसऱ्या दिवशी तिला परभणीहून पुण्याची रेल्वे गाठायची होती. आतल्या खोलीत बॅग भरता भरता तिनं विचारलं, "अप्पा, परभणीची गाडी गेली का?"

अप्पा दारात आले. समोर गाडी उभी होती, निम्मी रिकामी. कंडक्टर परभणी, परभणी म्हणून ओरडत होता. गाडीच्या बाबतीत अप्पांनी आजवर कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी दुकानाचं दार हळूच लोटून घेतलं.

"गेली की गं," ते म्हणाले. "आत्ताच गेली."