साहेबांचा सिकंदर आणि माझा तिसरा नकार

साहेबांच्या कुत्र्यांची तारीफ करायची, असं मी त्या सकाळी चहा पिता पिता ठरवलं आणि तिथंच माझं चुकलं. आमचे तहसीलदार जाफर अली साहेब कळंबहून वरंगळला बदलून चालले होते. जाणाऱ्या माणसाशी दोन शब्द गोड बोलावेत, एवढाच माझा हेतू. (पेशकाराच्या वरच्या जागेसाठी शिफारसही हेतूत होती, पण थोडीशीच.)

आमच्या निजामी कचेरीत तारीफ करण्याचा एक शिरस्ता होता. तुम्ही साहेबांच्या घड्याळाला छान म्हणालात की साहेब ते काढून पुढं करायचे, "आपलंच आहे, घ्या." तुम्ही हात जोडून नको म्हणायचं. साहेबांनी पुन्हा आग्रह करायचा, तुम्ही पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्या नकाराला घड्याळ साहेबांच्या खिशात परत जायचं आणि दोघांचीही इज्जत शाबूत राहायची. पंधरा वर्षांच्या अहलकारीत, म्हणजे कारकुनीत, मी घड्याळं, छत्र्या, एकदा तर खिलारी बैलांची जोडी अशीच तीन नकारांत परत केलेली आहे.

साहेबांची कुत्री दोन. एक सिकंदर, कारवानी जातीचा शिकारी, माझ्या कमरेला लागेल एवढा उंच. दुसरी बुलबुल, हैदराबादेहून आणलेली, पांढरी, झिपरी, शेरवानीच्या बाहीत मावेल एवढीच. आता सांगून टाकतो, मला कुत्र्यांची भीती वाटते. लहान कुत्र्याची कमी आणि मोठ्याची जास्त असंही नाही. दोघांचीही सारखीच, भरपूर.

म्हणून मी दहा हातांवर उभं राहून दोघांचीही तारीफ केली. साहेब खूश झाले. म्हणाले, वरंगळला एकच नेता येईल, यातलं एक तुमचं. मी नको म्हणालो. त्यांनी आग्रह केला, मी पुन्हा नको म्हणालो. तेवढ्यात सिकंदर उठला, आळस दिला, संथपणे चालत माझ्या मागं आला आणि मी भीतीनं पाठीमागं लपवलेल्या हातांत त्यानं आपलं ओलं, गार नाक घातलं.

तिसरा नकार घशातच राहिला. साहेब वाट पाहत होते, सगळी कचेरी वाट पाहत होती. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. साहेबांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांची चीज मनापासून घेणारा पहिला माणूस मीच निघालो. ते म्हणाले, "उत्तरेश्वरराव, कल सोच के बोलो. जो पसंद, वो आपका."

घरी बायकोला, कडूबाईला, हे सांगितलं तर ती हरखून गेली. आठ दिवसांपूर्वी लांडग्यानं तिची गाभण शेळी भरदिवसा गोठ्यातून ओढून नेली होती. उरलेल्या दोन शेळ्यांच्या दुधावर आमचं धाकटं वाढत होतं.

"मोठंच आना," ती म्हणाली. "बारकं काय करायचंय? लांडगा त्येला फुटाण्यावानी खाईल."

मला भीती वाटते हे तिला सांगावं, असं फार वाटलं. पण दौऱ्यावर असताना मी येरमाळ्याच्या घाटात छत्रीनं बिबट्या हुसकावल्याची गोष्ट तिला लग्नानंतर लगेच सांगून ठेवली होती. (बिबट्या होता. छत्रीही होती. हुसकावणारा गाडीवान होता.) तेव्हा बारकंच आणायचं आणि साहेबांच्या आग्रहाचं नाव सांगायचं, असा मी मनाशी निश्चय केला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कोठीवर गेलो. त्यांचा शिपाई नबीलाल दोन्ही कुत्री घेऊन उभा होता. मी बुलबुलकडं पाहून हसलो. तिनं झेप घेऊन माझ्या पायजम्याचा पायचा दातांत धरला आणि नबीलालनं ओढून काढेपर्यंत सोडला नाही. इकडं सिकंदरनं जांभई दिली. त्या जबड्यात माझं डोकं टोपीसकट गेलं असतं.

साहेबांनी विचारलं, कोणतं? बोलायची सोय नव्हतीच, म्हणून मी बोट उचललं. ते इतकं कापत होतं की बुलबुलवरून सिकंदरवर आणि सिकंदरवरून नबीलालवर फिरत होतं. ते नेमकं सिकंदरवर असताना साहेब म्हणाले, वाहवा, जातिवंत शिकाऱ्याची नजर आहे. आणि साखळी माझ्या हातात आली.

घरापर्यंतची वाट मी देवाचं नाव घेत चाललो. सिकंदर माझ्या पायांना खेटून चालत होता. तो चव बघतोय, असंच मला वाटत होतं. बाजारातले लोक बाजूला होऊन मला रामराम घालत होते. आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता आणि तो घ्यायची शुद्धही मला नव्हती.

अंगणात पाऊल टाकलं आणि कडूबाईच्या शेळीनं शिंगं खाली केली. सिकंदरनं साखळीला असा हिसका दिला की मी त्याच्याबरोबर फरफटत घरात गेलो, थेट ज्वारीच्या कणगीमागं. तो थरथर कापत होता. मी त्याच्या गळ्याला मिठी मारून बसलो होतो, हे माझ्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं. खरं सांगतो, मला भरून आलं. जगात माझ्यापेक्षा भित्रं कुणीतरी आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दिवस मावळायला लांडगा आला. शेळ्या ओरडल्या, धाकटं रडायला लागलं. कडूबाईनं सिकंदरला हाक मारली, मग मला मारली. आम्ही दोघं कणगीमागं होतो. सिकंदरनं माझ्या काखेत तोंड खुपसलं होतं, म्हणून मला उठता आलं नाही. (उठलो असतो असं नाही.) बाहेर धुणं बडवल्यासारखा आवाज झाला, काहीतरी केकाटत लांब गेलं, आणि हातात मुसळ घेऊन कडूबाई कणगीमागं डोकावली. तिनं आधी सिकंदरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्या पाहण्याची मला लांडग्यापेक्षा जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आलो तर सिकंदर नव्हता. गोठ्याच्या दारात बुलबुल बसली होती. रस्त्यावर पान हललं तरी ती सारी गल्ली डोक्यावर घेत होती. त्यानंतर लांडगा आमच्याकडं फिरकला नाही, आणि मीही घरात शिरताना आधी बायकोला हाक मारू लागलो.

दिलेली चीज साहेबांनी बदलून कशी दिली, याचं मला कोडं पडलं होतं. ते नबीलालनं सोडवलं, तेही भर कचेरीत, सहा अहलकारांसमोर. म्हणाला, तुमच्या घरच्या स्वतः सिकंदरला घेऊन कोठीवर आल्या होत्या. साहेबांनी विचारलं, बाई, या कुत्र्यात खोट काय निघाली?

कडूबाईनं पदर सावरून सांगितलं म्हणे, "खोट काय न्हाय, साहेब. लई गरीब हाय. खातंय, झोपतंय, कुनाच्या वाटंला जात न्हाय. पर तसला एक आमच्या घरात पयल्यापास्नंच हाय."