पन्नास दिवसांची सावली

आमच्या नाशिकरोडच्या सोसायटीत पार्किंगच्या फरशीवर पिवळ्या ऑइलपेंटचे ठिपके दिसायला लागले, तेव्हा मला सचिव होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. आधी वाटलं, पोरांचा उद्योग. मग लक्षात आलं, की झेंड्याच्या खांबाची सावली जिथे संपते तिथेच ठिपका पडतो, आठवड्याला एक, आणि तो काढणारं पोर बासष्ट वर्षांचं आहे.

तळमजल्यावरचे आहेरकाका. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. मूळचे सटाण्याकडचे. मी वहीत नोंद केली : टाकी साफ करणे, जिन्यातला बल्ब बदलणे, आहेरांना समज देणे. पहिली दोन कामं चार दिवसांत झाली.

काकांना समज देणं अवघड होतं, कारण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं एकच उत्तर होतं : "साडेतेवीस." पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, आणि सगळं त्यामुळेच होतं. उन्हाळा कडक? साडेतेवीस. द्राक्षं यंदा आंबट? साडेतेवीस. माझ्या मुलाला गणितात कमी मार्क पडले तेव्हाही ते जिन्यात थांबून म्हणाले, "ताई, त्याला बोलू नका. पृथ्वीच सरळ उभी नाही, त्याच्याकडून काय अपेक्षा?"

चंद्राचीही त्यांना काळजी होती. "दरवर्षी दीड इंच लांब चाललाय. त्याच्या ओढीनं पृथ्वीचं फिरणं मंदावतंय. दिवस लांबतोय, ताई!"

"दिवस लांबला तर नळाला पाणी जास्त वेळ येईल का हो?" सोसायटीतल्या बायकांमधून देवरेवहिनींनी विचारलं. सगळ्या हसल्या. काका हसले नाहीत. "हसा. लाखो वर्षांनी कळेल," म्हणाले आणि खरोखर चिंतेत पडून घरात गेले.

पण माणूस उपयोगाचा होता. मे महिन्यात गच्चीवर वाळवणं पडली की ते वर येऊन सांगत, "देवरेवहिनी, तीन वाजून दहा मिनिटांनी टाकीची सावली तुमच्या कुरडयांवर येणार. दोन हात डावीकडे घ्या." तीन वाजून दहा मिनिटांनी सावली येई. पुढच्या वर्षीपासून बायका साडी अंथरण्याआधी त्यांनाच हाक मारायला लागल्या. मे महिन्यातच एक दिवस दुपारी साडेबाराला त्यांनी अख्ख्या सोसायटीला खांबाभोवती उभं केलं. सूर्य बरोबर डोक्यावर आला आणि खांबाची सावली नाहीशी झाली. काका लहान मुलासारखे ओरडले, "गेली! गेली!" देवरेवहिनी म्हणाल्या, "गेली ना? आता आम्ही जाऊ? वरण गॅसवर आहे."

मग दक्षिणेकडच्या मोकळ्या प्लॉटवर फक्कीच्या रेघा पडल्या. चार मजली इमारत होणार होती. सोसायटीची बैठक भरली. कोणाला धुळीची भीती, कोणाला बोअरच्या पाण्याची. मी मुद्दे लिहून घेत होते. काकांनी एकच प्रश्न विचारला, "उंची किती?" दुसऱ्या दिवशी परत, "ताई, उंची कळली?" तिसऱ्या दिवशी ते स्वतःच साइटवर गेले आणि तिथल्या तरुण इंजिनिअरला म्हणाले, एक मजला कमी करा.

"काका, इमारत हलायची नाही. सूर्यालाच सांगा ना उत्तरेला सरकायला," तो म्हणाला.

"जूनमध्ये सरकतो की तो! जूनमध्ये मला काय करायचंय त्याचं?" काका म्हणाले आणि तडक परत आले. त्या आठवड्यात त्यांची दाढी वाढलेली दिसली. ठिपके दुप्पट झाले. तक्रारी आल्या, म्हणून फेब्रुवारीत एका सकाळी मी लेखी नोटीस घेऊन त्यांचं दार वाजवलं.

दार उघडंच होतं. समोरच्या खोलीच्या फरशीवरही पिवळ्या रेघा, प्रत्येकीपाशी तारीख आणि वेळ. खाटेला चार बेअरिंगची चाकं बसवलेली. दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाचा चौकोन आत आला होता आणि त्यात खाटेवर काकू बसल्या होत्या. त्यांना संधिवात आहे एवढं मला माहीत होतं. हात पाहिले नव्हते. बोटं मुठीत आखडलेली, जणू काहीतरी गच्च धरून ठेवलंय. ऊन सरकलं की काका खाट वीतभर सरकवत होते.

"दीड तास ऊन लागलं की बोटं उघडतात," ते हळू आवाजात म्हणाले. "मग ती स्वतः कप धरते, वेणी घालते. थंडीत सूर्य दक्षिणेला खाली उतरतो म्हणून तर ऊन इथवर येतं. आता इमारत मधे येणार. सत्तावीस नोव्हेंबर ते पंधरा जानेवारी. पन्नास दिवस. थंडीचेच नेमके."

मी नोटीस पर्समध्ये ठेवली. उपाय मला जिना चढतानाच सुचला. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, ऊनच ऊन. घरं बदलायची. गॅस, टेलिफोन, रेशनकार्ड, सगळ्याची यादी करून मी संध्याकाळी परत गेले.

काकांनी यादी नीट वाचली. "ताई, लिफ्ट नाही. वर गेली की तिचं खाली येणं संपलं. इथे भाजीवाली खिडकीशी थांबते, येणारा-जाणारा हाक मारतो. वर तिच्याशी कोण बोलणार? मी? माझं बोलणं कसलं, ते तुम्हाला माहीतच आहे."

इमारत उठली. सत्तावीस नोव्हेंबरला सावली खिडकीवर चढली. त्यांचा हिशेब एका दिवसानेही चुकला नव्हता, आणि चुकावा असं मला फार वाटलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात थंडी इतकी होती, की गच्चीवरच्या नळाला हात लावावासा वाटेना. मी डब्यात गरम सांजा घेऊन खाली गेले. खोलीत हीटर होता, पण वीज गेलेली. काका खाटेवर काकूंसमोर मांडी घालून बसले होते. त्यांनी स्वेटरची बटणं उघडून काकूंचे दोन्ही हात आत, छातीशी धरले होते.

"या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते," ते त्यांना समजावत होते. "वर्षातनं सगळ्यात जवळ. खरंच सांगतो."

"मंग ऊब काबर नही लागत?" काकूंनी त्यांच्या सटाण्याच्या बोलीत विचारलं.

काकांनी हात आणखी आत ओढून घेतले. मी डबा ठेवून उंबऱ्यातच उभी राहिले. बऱ्याच वेळानं काकांनी काकूंचा उजवा हात हळूच बाहेर काढला, आणि परीक्षेचा निकाल दाखवावा तसा माझ्यासमोर धरला.

"बघा ताई," ते म्हणाले, "एक बोट उघडलं."