झुडपातला बिबट्या, कृष्णधवल

रंग काढून टाकले की जंगल खरं बोलायला लागतं, असं मी बायकोला सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. चिमटा दातात धरूनच तिने विचारलं, "फोटो बिघडलेत का?"

बिघडले होते. कॅमेऱ्याचं कुठलंसं बटण भलत्याच जागी राहिल्यामुळे जंगलाच्या अख्ख्या सहलीला कावीळ झाली होती. हरणं पिवळी, आभाळ पिवळं, पाणवठ्यावरचा बगळा तर थेट दवाखान्यात न्यावा असा. आणि आमच्या फोटो मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलेलं. बरीच वर्षं जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लटकल्यावर यंदा कुठे मला दर्शनी भिंत मिळाली होती.

म्हणून मी सगळे फोटो एका दमात कृष्णधवल केले. चहा उकळेपर्यंत संगणकाने काम उरकलं. कावीळ साफ गेली! फक्त एक घोटाळा झाला. कुठल्या फोटोत काय आहे, ते मलाच कळेना, आणि मूळचे पिवळे फोटो पुन्हा उघडून बघायची माझी हिंमत नव्हती. पानं, फुलं, पोपट, सगळं एकाच राखाडी रंगात विरघळलं होतं. हरणांचा कळप काढलेला मला पक्का आठवत होता, पण समोर नुसतं गवत होतं आणि त्या गवताला मधूनच कान फुटले होते.

बिबट्या तर सापडेचना. तो दिसला होता हे नक्की. भल्या सकाळी आमच्या गाडीसमोरून तो झुडपात शिरला आणि मी घाबरून बटण दाबतच सुटलो. पण त्या दिवशी मी झुडपं इतकी काढली होती, की यातलं बिबट्याचं कुठलं, याचा पत्ता लागेना. शेवटी एका फोटोत, अगदी मधोमध, काहीतरी ठिपक्याठिपक्यांचं पाठमोरं बसलेलं दिसलं. मी तो भिंतभर मोठा करून घेतला आणि खाली चिठ्ठी चिकटवली, 'झुडपातला बिबट्या'.

उद्घाटनाला वनखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आले. बाकीच्या फोटोंवरून त्यांनी नुसती नजर फिरवली, पण बिबट्यापाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नर आहे," ते म्हणाले. "पूर्ण वाढलेला. आपली चाहूल लागलीय त्याला, पण उठावं की नाही हे ठरत नाहीये."

मग सगळ्यांनाच बिबट्या दिसायला लागला. कुणाला खांदा दिसला, कुणाला मान. दातांच्या डॉक्टरीणबाईंना तर पाठमोऱ्या बिबट्याचे सुळेही दिसले. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सहलीला आमच्याबरोबर होता. तो फोटोशेजारी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने शेपटी दाखवत होता. आपण किती जवळून पाहिलं हे सांगताना बिबट्या दर खेपेला थोडा थोडा अलीकडे येत होता. मीही मान डोलावत होतो. इतकी माणसं सांगतायत म्हणजे असेलच, असं माझं मलाही वाटू लागलं होतं.

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, की हा फोटो पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेवर घ्यायचा, पण रंगीत. मूळ फोटो आहे ना? मी चाचरत म्हणालो, की कृष्णधवलातच त्याची मजा आहे. साहेब म्हणाले, की कातडीचा रंग बघितला तर वयही सांगता येईल. आणि बायकोने, माझ्या सख्ख्या बायकोने, पिशवीतून माझा लॅपटॉप काढून सभागृहाच्या पडद्याला जोडून दिला.

पडद्यावर फोटो उमटला. हिरवंपिवळं झुडूप होतं. त्याच्या मधोमध लालभडक शर्ट होता आणि शर्टावर मोठमोठी काळी फुलं होती.

मला हळूहळू सगळं आठवलं. चहासाठी गाडी थांबवली होती, मेहुणा 'जरा जाऊन येतो' म्हणून झुडपाआड गेला होता आणि मी इकडे वेळ जावा म्हणून कॅमेऱ्याचं भिंग तपासत होतो. हिरव्यात तो शर्ट मैलावरून दिसला असता. राखाडीत त्याचा बिबट्या झाला.

मेहुण्याने शेपटीवरचं बोट हळूच खिशात घातलं. सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी परत चष्मा पुसला.

"मी नर म्हणालो होतो," ते शांतपणे म्हणाले आणि चहाच्या टेबलाकडे गेले.

मेहुणा परस्पर त्याच्या घरी निघून गेला. मी रात्रीच्या जेवणालाही मान वर केली नाही. बायको मात्र फोटो मोठा करून करून बघत हसत होती. हसता हसता ती एकदम थांबली. तिने मला जवळ बोलावलं आणि शर्टाच्या मागे, वरच्या फांदीवर बोट ठेवलं. तिथून काहीतरी लांब, ठिपक्यांचं, टोकाशी वळलेलं खाली लोंबत होतं. मेहुण्याच्या डोक्यापासून हातभर वर.

बायको म्हणते, ती शेपटी आहे. मी म्हणतो, वाळकी वेल आहे. मेहुण्याला आम्ही अजून दाखवलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच जंगलात जायचं ठरलंय, आणि गाडी त्याची आहे.