सुपडूनाना मध्यंतराला येतात

सुपडूनानांनी कुठलंही नाटक कधी सुरुवातीपासून पाहिलं नाही. तिकीट पूर्ण काढतात, तेही आठ दिवस आधी, आणि येतात मध्यंतराला. लोक बटाटेवडे खायला बाहेर पडतात तेव्हा नाना आत शिरतात. जळगावला नाट्यगृहाच्या गेटवर एक नवा माणूस आला होता. त्याला वाटलं, म्हातारा फुकट्या आहे. त्याने नानांचं तिकीट उजेडात धरून तीनदा तपासलं. नाना त्याच्यावर बेहद्द खूश झाले. "माणूस कामाचा शे," मला म्हणाले, "कोणावर विश्वास ठेवत नाही."

मी आमच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसतो. नाना रोज दहाच्या आधी पायरीवर हजर. मी कुलूप काढत असतो तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या पिशवीवर असतं. नवी पुस्तकं मी आधी माझ्या मेहुणीला नेऊन देतो, असा त्यांना संशय आहे. संशय खरा आहे, पण म्हणून रोज पिशवीकडे बघायचं म्हणजे अतीच झालं.

या स्वभावाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. चौतीस वर्षं नाना कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीत वर दिसतो तो कापूस पांढराशुभ्रच असतो. खाली काय दडलंय ते देवाला आणि ग्रेडरला माहीत. नानांनी ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मधला कापूस ओढून काढायचा, दोन अंगठ्यांत धरून धागा किती लांब निघतो ते बघायचं आणि ग्रेड सांगायची. वजन वाढावं म्हणून कोणी पाणी मारलं असेल तर त्यांच्या तळव्याला कळायचं. नोकरी सुटली, कापूस सुटला, हाताची सवय काही सुटली नाही.

पुस्तकालाही ते तसाच हात घालतात. मुखपृष्ठ बघत नाहीत, मागचा मजकूर बघत नाहीत. प्रस्तावनेला ते बारदान म्हणतात. पुस्तक बरोबर मधे उघडायचं, उभ्याउभ्या चार पानं वाचायची आणि मग ठरवायचं. एरवी नाना ऑफिसातलं मराठी बोलतात, पण मूळचे चाळीसगावकडचे असल्यामुळे संशय आला की अहिराणीवर येतात. "बठ्ठं पाणी मारेल शे!", म्हणजे सगळंच पाणी मारलेलं, असा आवाज कपाटाआडून आला की मी समजतो, एक लेखक गेला.

वाचनालयाबाहेर सुविचाराचा फळा आहे. सुविचार लिहिणारे गुरुजी मुलाकडे पुण्याला गेले आणि फळा नानांनी ताब्यात घेतला. ठराव नाही, परवानगी नाही. एका सकाळी पाहतो तर वर 'नवीन आवक' असा मथळा आणि खाली परीक्षण. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आत्मचरित्राबद्दल लिहिलं होतं, "तीनशे पानांत लेखकाची एकही चूक नाही. पाणी मारलेलं आहे." एका प्रवासवर्णनाबद्दल, "लेखक परदेशात अठरा दिवस होता, पैकी अकरा दिवस शाकाहारी जेवण शोधत होता. शोध चांगला जमला आहे." जाडजूड ऐतिहासिक कादंबरीला, "सरकी काढली तर दोनशे पानं रुई निघेल. वाचकाने आपली आपण काढून घ्यावी." पाककृतींच्या पुस्तकाला, "केकला बारा पानं, कळण्याच्या भाकरीला अर्धं. बाई आपल्याकडे जेवायला थांबलेल्या दिसत नाहीत."

एका गाजलेल्या कादंबरीचा दुसरा भाग आला तेव्हा फळ्यावर एकच शब्द होता, "फरदड". वेचण्या संपल्या तरी झाडं उपटायचं जिवावर येतं, म्हणून पाणी देऊन आणखी थोडा कापूस काढतात, त्याला आमच्याकडे फरदड म्हणतात. जळगावकरांना एवढं पुरलं. तो दुसरा भाग वर्षभर कपाटातून हलला नाही.

'अ' ग्रेड त्या वर्षी एकालाच मिळाली. एका नव्या मुलीचा चाळीस पानांचा कवितासंग्रह होता. नाना तो घेऊन दुपारभर खिडकीशी बसले आणि लिहिलं, "ओळी आखूड, धागा लांब. अ." मला वाटलं, मुलगी नात्यातली असणार. मी गुपचूप चौकशी केली. नव्हती.

कोणी भाबडेपणाने "नाना, काहीतरी चांगलं सुचवा" म्हणालं की त्याची उलटतपासणी सुरू. झोप कशी लागते? सुनेशी बोलणं आहे का? मागचं पुस्तक कितव्या पानावर सोडलं, आणि का? कापड दुकानाचे शांतिलालशेठ एकदा वेळ घालवायला काहीतरी मागायला आले. नानांनी त्यांना दोन भावांच्या भांडणाची एक पातळशी कादंबरी दिली. चार दिवसांनी शेठ परत आले, छान आहे म्हणाले.

"धाकट्याच्या हातात शेवटी काय असतं?" नानांनी विचारलं.

"पितळी तांब्या," शेठ म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

नंतर मला कळलं की शेठनी अकरा वर्षांनी राजस्थानात आपल्या भावाला फोन केला. मी मोठ्या कौतुकाने ते नानांना सांगायला गेलो. नाना म्हणाले, "फोन केला कशावरून? तू ऐकला का?"

या अशा माणसाला एक मुलगी आहे. वैशाली. धुळ्याला देवपुरात राहते, तिथेच शाळेत शिकवते, आणि शाळेतल्याच शिक्षकांना गोळा करून नाटकं लिहिते, बसवते. सहा वर्षांपूर्वी तिची पहिली एकांकिका घेऊन ती जळगावला आली होती. अहिराणीतली, पाऊण तासाची. एकांकिकेला मध्यंतर नसतं. नानांनी घड्याळ लावून हिशेब केला आणि बाविसाव्या मिनिटाला आत आले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, "कलाकार मेहनती. पण बापाचं पात्र एकदम कुठून उगवतं ते कळत नाही. पाया कच्चा. ब."

वैशाली धुळ्याची गाडी पकडण्याआधी वाचनालयात आली. फळा वाचला. पुन्हा वाचला. मग आत येऊन मला विचारलं, "दादा, नाना सुरुवातीला नव्हते ना?" मी टेबलावरची पुस्तकं सारखी करत राहिलो. तिला उत्तर मिळालं. बाप तिने पहिल्या प्रवेशातच उभा केला होता. कापसाच्या ढिगावर बसून पोरीला धागा ओढायला शिकवणारा बाप. सगळं सभागृह त्याला ओळखत होतं. एकटे नाना तेवढे बाहेर होते.

त्यानंतर ती वडिलांशी बोलली नाही. 'ब' ग्रेडचा तिला राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. नानांची मुलगी आहे, ग्रेड घ्यायला ती लहानपणापासून शिकलेली. ते सुरुवातीला आले नाहीत, एवढंच तिला लागलं.

पहिल्या प्रवेशाचं नानांना मी सांगितलं, तेव्हा ते माझ्यावर उखडले. मी रचून सांगतोय म्हणाले. मग प्रयोगाला गेलेल्या पाच जणांना त्यांनी वेगवेगळं गाठलं, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता. पाचही जणांनी तेच सांगितलं. त्या दिवसापासून फळ्यावर नाटकाचं परीक्षण बंद झालं. घरी नानांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणतो, रोज संध्याकाळी वैशालीला फोन करते आणि मुद्दाम स्पीकर लावते. नाना शेजारी पुस्तक उघडून बसतात. फोन चालू असेतो पान उलटत नाही. मी एकदा स्वतः पाहिलंय आणि मला तेव्हा नानांची फार दया आली.

गेल्या महिन्यात नाना टेबलाशी आले आणि म्हणाले, "रविवारी धुळ्याला येतो का? तिकीट मी काढलंय." नाना दुसऱ्याचं तिकीट काढतात म्हटल्यावर मी सावध झालो. खोदून विचारलं तेव्हा कळलं, वैशालीचं नवं दोन अंकी नाटक होतं, दुपारी चारला. आमंत्रण अक्काला होतं आणि ती दोन दिवस आधीच गेली होती. नानांना कोणी बोलावलं नव्हतं.

"चारचं नाटक म्हणजे आपण साडेपाचला पोचायचं ना?" मी म्हणालो.

नाना हसले नाहीत. आम्ही सकाळी नऊची एसटी धरली. पारोळ्यापर्यंत त्यांनी कंडक्टरला दोनदा विचारलं की गाडी धुळ्यालाच जाते ना. पावणेबाराला नाट्यगृहाच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. नाना पायरीवर बसले. जेवायला चला म्हटलं तर म्हणाले, "तू जा. तेवढ्यात सुरू केलं तर?"

साडेतीनला दार उघडलं. आम्ही चौथ्या रांगेत बसलो. पहिली घंटा झाली तरी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. दुसरी घंटा झाली. लोक रमतगमत येत होते, कोणी खुर्ची शोधतंय, कोणी मोबाईलवर मोठ्याने पत्ता सांगतंय. नाना मान वळवून वळवून दाराकडे बघत होते. "हे मधेच घुसतील," म्हणाले आणि उठले. "आलोच."

तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, नानांचा पत्ता नाही. प्रवेश सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील, मागून दबक्या आवाजात वादावादी ऐकू आली. मी ओळखलं आणि बाहेर धावलो. मला बाहेर घेण्यापुरतं दार किलकिलं करून नानांनी पुन्हा त्याला पाठ लावली. समोर पंधरा-वीस माणसं, आणि सगळ्यांत पुढे, मध्यंतरात ज्यांचा सत्कार व्हायचा होता ते प्रमुख पाहुणे, सोबत हार घेतलेले दोघे.

"अहो, हे पाहुणे आहेत!" हारवाला म्हणत होता.

"असू द्या. पहिला प्रवेश संपल्यावर सोडतो," नाना म्हणाले. "मधे घुसून काय समजणार तुम्हाला? सुरुवात बुडनी ना भो, मंग बठ्ठंच बुडनं!"

मी त्यांच्या कानाशी लागलो. "नाना, आत प्रवेश चाललाय. तुम्ही जा, मी उभा राहतो इथे."

"तुना भरोसा नही. तू ओळखीचा दिसला की सोडशील."

हेही खरं होतं. आतून एकदा हशा आला, एकदा अगदी शांत झालं. प्रत्येक वेळी नाना डोळे मिटून ऐकत होते आणि दारावरची पाठ मात्र हलू देत नव्हते. टाळ्या झाल्या तेव्हा ते बाजूला झाले. "आता जा. आवाज करू नका." पाहुणे चडफडत आत गेले. मी नानांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला.

"आता नाही. आता गेलो तर परत मधूनच झालं."

दोन्ही अंक ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मीही बसलो. मला आतलं नाटक दिसलं नाही, पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

साडेसहाला गर्दी पांगली आणि वैशाली तरातरा बाहेर आली. कोणीतरी तक्रार केली होती की एका वेड्या म्हाताऱ्याने पाहुण्यांना अडवून धरलं. ती बोलायच्या तयारीनेच आली होती. बाकावर वडील दिसले आणि ती जागच्या जागी थांबली.

"नाना," ती म्हणाली. सहा वर्षांतला पहिला शब्द. "पाहिलं?"

"नाही. दारावर होतो."

"सगळाच वेळ?"

"लोक उशिरा येतात," नाना म्हणाले. "तुझी सुरुवात मोडली असती."

वैशाली त्यांच्या शेजारी बाकावर बसली. "पहिला प्रवेश सांगू तुम्हाला?"

"हा नको. हा मी पुढच्या प्रयोगाला येऊन बघतो." नाना अडखळले. "तो सांग. जळगावचा. सहा वर्षांमागचा."

"तो तुम्हाला कळलाय ना? आई म्हणाली, पाच जणांना विचारलं तुम्ही."

"त्यांच्यावर माझा विश्वास नाही," नाना म्हणाले.

वैशाली हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तिने पदराने तोंड पुसलं. मला तिथे थांबणं बरं वाटेना. मी चहा आणायला उठलो, पण पाय निघेना, म्हणून दोन पावलांवर पाठ करून उभा राहिलो.

"पडदा उघडस," ती सांगू लागली. "अंगणमा कापूस पडेल शे. सात वरीसनी एक पोर शे. तिना बाप तिना बाजूले बठेल शे..."

नाना एका शब्दानेही मधे बोलले नाहीत.