शहाण्या आणि मुख्याध्यापिकाबाईंची कवळी

"अगं, कुत्रंच आहे ते. त्याला सांभाळायला एवढ्या सूचना कशाला लागतात?" कवळीवाला दारातूनच बायकोला म्हणाला.

बहिणीचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून बायको दोन दिवसांसाठी तिकडे निघाली होती. कुत्रा तिचा. नाव शहाण्या. तिच्यासमोर तो नावाप्रमाणे वागायचा, त्यामुळे या नावाबद्दल घरात शंका होती ती फक्त नवऱ्याला.

"सूचना एकच आहे," ती गाडीत बसता बसता म्हणाली. "त्याच्यावर लक्ष ठेवा. कामात डोकं घातलं की तुम्ही या जगात नसता, अहो."

गाडी वळली आणि शहाण्याचा जीव थाऱ्यावर राहीना. दार ओरबाड, खिडकीवर चढ, तिच्या चपला हुंग, परत दार. कवळीवाल्याचं कामाचं टेबल पुढच्याच खोलीत होतं. त्याने कानात कापूस घातला आणि कामाला लागला. त्यालाही पर्याय नव्हता. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई चारला कवळी न्यायला येणार होत्या आणि सहाला त्यांचा सत्कार होता. बाई वेळेच्या एवढ्या पक्क्या की अर्ध्या गावाला अजून स्वप्नात त्यांची घंटा ऐकू यायची.

तीन वाजता वरची कवळी चकचकीत झाली. ती टॉवेलवर ठेवून तो आधीच तयार झालेली खालची उचलायला वळला. परत बघतो तर टॉवेलही नाही आणि कवळीही नाही.

शहाण्या सोफ्यावर बसून हसत होता. म्हणजे कवळी त्याच्या तोंडात अशी काही बसली होती की सोळा वर्षं दातदुखीने बेजार असलेल्या माणसानेही हेवा करावा. लग्नाच्या फोटोत नवरदेवाचा काका हसतो, तसा तो हसत होता.

तेवढ्यात बायकोचा फोन. "कसा आहे तो?"

"मजेत आहे," कवळीवाला एक एक पाऊल पुढे टाकत म्हणाला. "हसतोय."

"कुत्रं कधी हसतं का?"

याचं उत्तर द्यायची वेळ आली नाही. इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा घेऊन दार ढकलत आत आला आणि त्याच्या दोन पायांमधून शहाण्या बाहेर.

कवळीवाला एका पायात चप्पल, हातात चालू फोन अशा थाटात मागे धावला. इस्त्रीवाला गठ्ठ्यासकट त्याच्या मागे.

"धापा कसल्या टाकताय?" फोनमधून आवाज आला.

"फिरवतोय त्याला."

"भर दुपारी?"

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने कुत्रा पाहिला, कुत्र्याच्या तोंडातले माणसाचे दात पाहिले आणि दुकानातून बाहेर आला. "कुणाला चावला काय हो?"

"चावला नाही, दात घेऊन पळालाय," इस्त्रीवाला धावता धावता म्हणाला.

हे वाक्य गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत 'कुत्र्याने एका म्हाताऱ्याचा जबडा नेला' असं झालं होतं. लोक म्हातारा शोधू लागले. बाकावर पेपर वाचत बसलेले एक आजोबा आयतेच सापडले. दोघांनी त्यांना धरलं. "आजोबा, घाबरू नका. जरा तोंड उघडा."

आजोबांनी तोंड उघडलं आणि पुढची पाच मिनिटं मिटलंच नाही. दात त्यांचे सगळे जागेवर होते, हे त्यांच्या बोलण्यावरून सर्वांना कळलं.

शहाण्या मात्र या सगळ्यात नव्हताच. तो धावत धावत बायकोची गाडी जिथून वळली होती त्या वळणावर गेला, रस्ता दूरवर पाहिला आणि मटकन खाली बसला. कवळी अजून तोंडात. हसत्या तोंडाने एवढं रडवेलं कुणी बसलेलं कवळीवाल्याने पाहिलं नव्हतं. त्याचा रागच गेला.

"अगं, त्याला एकदा हाक मार," तो फोनवर म्हणाला.

"का? काय केलं त्याने?"

"मार तर."

त्याने फोन पुढे धरला. "शहाण्या, बाळा," असं ऐकू येताच कवळी धपकन मातीत पडली आणि शहाण्या फोन चाटू लागला.

पावणेचारला कवळी जंतुनाशक पाण्यात होती. चारला पाच कमी असताना दातांच्या खुणा मशीनवर घासून साफ झाल्या. चारला बाई दारात.

"झाली?"

"झाली," कवळीवाला म्हणाला. डबी त्याने पुढे केली, पण सोडवेना. कुणाला काही कळणार नव्हतं. तरी त्याच्या तोंडून निघालंच. "बाई, ही मघाशी कुत्र्याने तोंडात धरली होती. धुतलीय, औषधात ठेवलीय. पण तुम्हाला सांगायला हवं."

बाईंनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलाखाली बसलेल्या शहाण्याकडे.

"माझी जुनी कवळी फुटली कशी, हे तुम्ही विचारलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "मांजराने गच्चीवरून ढकलली. नातेवाइकांना मी सांगितलंय की मी घसरून पडले."

त्यांनी कवळी घातली, आरशात पाहिलं, दोनदा 'विद्यार्थी मित्रहो' म्हणून पाहिलं. झकास बसली होती. कवळीवाल्याच्या जिवात जीव आला.

"छान," बाई म्हणाल्या. "आता खालची द्या."

कवळीवाल्याने टेबलावर पाहिलं. मग टेबलाखाली पाहिलं. तिथे कोणी नव्हतं, आणि बाई आल्यापासून दार उघडंच होतं.

बाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली.

"तुम्ही डावीकडून या," त्या म्हणाल्या, "मी उजवीकडून जाते."