घडीच्या पलंगाचा अर्ज

सलग दोनशे चाळीस दिवस काम केल्यानंतर बिडकरांच्या गाडीतल्या घडीच्या पलंगाने एका सकाळी भिंतीत जायला नकार दिला आणि आपल्याला सेवेत कायम करावं अशी मागणी केली.

गाडी तेव्हा तापोळ्याला, पाण्याकाठच्या एका शेतात उभी होती. बिडकरांच्या पत्नी शालनताईंनी रोजच्यासारखी चादर काढली, गादीचा पट्टा आवळला आणि पलंग उचलायला हात घातला. पलंग हलला नाही.

"राहू द्या बाई," तो म्हणाला. "आजपासून मी आडवाच राहीन. साहेबांशी बोलायचंय."

साहेब दारात उभे राहून दात घासत होते. त्यांनी शांतपणे चूळ भरली.

"तोंडी मागणी विचारात घेतली जात नाही," ते म्हणाले. "अर्ज लागेल. तीन प्रतींत."

मोरेश्वर बिडकर एकतीस वर्षं शिक्षण खात्याच्या एका कचेरीत आस्थापना शाखेत होते. हंगामी माणसं हंगामीच राहतील हे पाहणं ही त्यांची मुख्य कामगिरी, आणि ती त्यांनी निष्ठेने पार पाडली. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम होण्याचा हक्क सांगतो; म्हणून दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी त्याला एक दिवस घरी बसवायचं, की परवा तो पुन्हा नवा कोरा. निरोप समारंभात वरिष्ठांनी त्यांना 'माणसं ताजी ठेवणारा माणूस' म्हटलं. ताजी राहिलेली माणसं समारंभाला आली नव्हती.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि शिरोलीच्या रेहाना शिकलगारकडे नेली. रेहाना बसगाड्यांची आतून घरं करून देते. तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काका, पलंग कायमचा बसवू की घडीचा? कायमचा जागा खातो. घडीचा रोज उघडा, रोज मिटा."

"कायमचा," शालनताई म्हणाल्या. "दमून आल्यावर पाठ टेकता आली म्हणजे झालं."

"घडीचा," बिडकर म्हणाले. दिवसा पलंग भिंतीतल्या खणात गेला की तिथे टेबल उघडेल आणि त्यावर आपल्याला प्रवासाची नोंदवही लिहिता येईल, असं त्यांचं म्हणणं. "रोज दोन मिनिटांचं तर काम!"

काम दोन मिनिटांचंच असल्यामुळे ते अर्थातच शालनताईंकडे आलं. गाडी चालवणंही त्यांच्याकडेच होतं, कारण नोंदवही गाडी चालू असतानाच लिहावी लागे.

पलंगाला लिहिता येत नव्हतं, म्हणून अर्ज शालनताईंनी लिहिला. दहा मिनिटांत तीन प्रती तयार झाल्या. सहीच्या जागी गादीचा कोपरा शाईत बुडवून उमटवला होता.

बिडकरांनी चष्मा लावून वाचलं. 'अर्जदार विनम्रपणे निवेदन करतो की...' मसुद्यात एक काना-मात्रा इकडची तिकडे नव्हती.

"इतकं पटकन कसं जमलं तुला?"

"पाठ आहे मला," शालनताई म्हणाल्या. "अकरा वेळा लिहिलाय."

त्या एकोणीस वर्षं शाळेत हंगामी शिक्षिका होत्या. त्यांचे अकराही अर्ज रीतसर बिडकरांच्याच टेबलावर आले होते. नात्यातल्या माणसाचं प्रकरण आपण हाताळणं योग्य नाही, म्हणून बिडकरांनी ते अकराही वेळा बाजूला ठेवले होते. या सचोटीबद्दल त्यांनी घरी कधी चकार शब्द काढला नव्हता.

ते पलंगाकडे वळले. "मुळात हे पदच मंजूर नाही."

"रात्री दहाला पद असतं, सकाळी सातला नसतं, असं कसं साहेब?"

"शिवाय सेवेत खंड आहे. वाईला आम्ही लॉजवर उतरलो होतो. त्या दिवशी तुला काम नव्हतं."

"त्या दिवशी तुमचं सामान माझ्यावर होतं."

"पुरावा?"

शालनताईंनी नोंदवही काढून पान उघडलं. बिडकरांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सर्व सामान पलंगावर ठेवून लॉजवर प्रस्थान.' खाली तारीख, वेळ आणि सही. कागदावर आलेली गोष्ट बिडकरांनी आयुष्यात कधी नाकारली नव्हती. मग त्यांनी पेन काढलं आणि अर्जावर शेरा मारला: 'मान्य.'

"अकरा अर्ज," पेनाचं टोपण लावताना ते हळूच म्हणाले. "मला शेरा मारता आला असता, शालन."

"हो," शालनताई म्हणाल्या आणि गाडी सुरू करायला पुढे गेल्या.

शिरोलीला रेहानाने अर्ज वाचला, पलंगाची बिजागरी काढली आणि तो जमिनीला पक्का केला. मग टेप लावून उरलेली जागा मोजली.

"टेबल गेलं, काका. बाकडंही गेलं. मधे फूटभर वाट उरती, ती काकूंना सैपाकाला लागणार. पुढं ड्रायव्हरशेजारी बॅटऱ्या हायेत."

"मग मी बसू कुठे?"

रेहानाने गाडीत नजर फिरवली. "त्ये नियमानं बगाय पायजे. गाडीत सगळ्यात शेवटी कोण आलं?"

शेगडी, सिंक, पलंग कामाच्या पहिल्या आठवड्यातच आले होते. शालनताई महिनाभर रोज येऊन देखरेख करत होत्या. बिडकर पहिल्या दिवशी पलंग ठरवून गेले ते गाडी तयार झाल्यावरच, नारळ फोडायला आले होते. सेवाज्येष्ठतेच्या यादीत ते सर्वांत खाली निघाले.

"म्हणजे मी अतिरिक्त," ते म्हणाले. यादी बिनचूक होती. त्यांना कुठेही बोट ठेवता येईना.

"पण भिंतीतला खण मोकळा झालाय की," रेहाना म्हणाली. "पलंगाचा. सव्वासहा फुटाचा हाय. ताठ उभं ऱ्हावा बगू जरा." तिने बिडकरांची उंची घेतली. पाच फूट सात इंच. "बसतंय. रात्री काकूंशेजारी झोपायला या, दिवसा मिटायचं. तुमी घडीचं."

"चालेल का तुम्हाला?" शालनताईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांना स्वतःला एकोणीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.

बिडकरांनी विचार केला. मग त्यांनी कागद मागून घेतला आणि स्वतःचा आदेश स्वतःच लिहिला. हंगामी नेमणुकीचा इतका निर्दोष मसुदा दुसऱ्या कोणाला जमलाच नसता. गुडघ्यांना आणि कमरेला बिजागऱ्या बसवायला रेहानाला एक दुपार लागली.

तेव्हापासून गाडीत सगळं सुरळीत आहे. शालनताई सकाळी सातला बिडकरांना मिटतात, पट्टा आवळतात, कडी घालतात. खरंच दोन मिनिटांचं काम आहे. मग त्या गाडी काढतात. वाटेत कुठे झाड बरं वाटलं तर थांबून भरदुपारी अर्धा तास पलंगावर पाय पसरून पडतात. पाठीचं दुखणं निम्म्यावर आलंय. नोंदवही आता कोणी लिहीत नाही, तरी गावं आपापल्या जागी सापडतात.

परवा दिवेआगरला सुरूच्या बनाशेजारी गाडी उभी होती. चार वाजता शालनताईंनी चहा टाकला आणि कडी काढली. बिडकर खाली उतरले. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी कप हातात घेतला.

"डावा गुडघा कुरकुरतोय," ते म्हणाले.

शालनताईंनी मशिनच्या तेलाची कुपी आणून बिजागरीत दोन थेंब सोडले, पाय वरखाली करून पाहिला. दार उघडं होतं. समोर ओहोटीच्या वाळूवर दोन कुत्री पळत होती.

चहा संपला. बिडकरांनी कप विसळला आणि खणाकडे वळले.

"आज राहा थोडा वेळ बाहेर," शालनताई म्हणाल्या.

बिडकरांनी पलंगाकडे पाहिलं. पलंगाची हरकत नव्हती.